दुभाष्याचं हेल्मेट

(मुलुंडच्या एका वसंत व्याख्यानमालेत निवृत्त सुभेदारांनी दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडी काटछाट केली आहे.)

अध्यक्षसाहेब, मंडळाचे कार्यकर्ते आणि मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय, 'परदेशातील दंगल नियंत्रण आणि मुंबईसाठी धडे'. हा विषय माझा नाही. मी फोनवर एवढंच म्हटलं होतं की काँगोत असताना दगड खाल्ले, त्याबद्दल बोलेन. चिटणीसांनी त्याला इस्त्री केली. आता धडे छापलेच आहेत तर शेवटी देतो. मला पावणेआठपर्यंत वेळ आहे, कारण आठ वाजता याच सभागृहात झुंबाचा वर्ग असतो. तेव्हा जमाव पांगवायचं काम आज त्या मुलीच करतील. (हशा)

मी साताऱ्याकडचा, खटाव तालुक्यातला. आमच्याकडं पोरगं दहावी नापास झालं की भरतीला जातं, आणि पास झालं तरी भरतीलाच जातं. 1985 साली मी गेलो, 2013ला सुभेदार म्हणून बाहेर पडलो. मग सहा वर्षं इथल्याच एका मॉलच्या सिक्युरिटीत होतो. सेलच्या दिवशी सकाळी शटर वर करताना जी माणसं समोर असतात, त्यांच्यापुढं मला काँगो आठवायचा. पलटणीचं नाव सांगत नाही. तिसऱ्या रांगेत पलटणीतले दोघं जण बसलेत आणि मी किती फेकतो ते मोजायला आलेत.

आधी एक कबुली देतो. फौजी माणूस गोळीला जितका घाबरत नाही तितका दंगलीला घाबरतो. सीमेवर समोरचा कोण हे ठरलेलं असतं. दंगलीत समोर असते ती कुणाची तरी आई, कुणाचा तरी शाळेतला पोरगा, आणि आपल्या हातात असते लढाईसाठी बनवलेली रायफल. म्हणून आपल्याकडं फौज दंगलीत उतरवायची तर तिच्याभोवती कायद्याचं कुंपण आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेची 129 ते 132 ही कलमं आम्हाला तोंडपाठ असायची. आता नवी संहिता आली, तिथं ती 148 ते 151 झालीत. आकडे बदलले, मजकूर बराचसा तोच. सोबत दंडाधिकारी हवा, त्याची लेखी मागणी हवी. तो नसेल, त्याच्याशी संपर्कच होत नसेल, तेव्हाच अधिकाऱ्यानं स्वतःच्या जबाबदारीवर पाऊल उचलायचं.

आणि त्याची कवायत असते! तुम्ही पाहिली नसेल. चौकोन करून उभं राहायचं. आत दंडाधिकारी, बिगुलवाला, फोटोवाला, मलमपट्टीवाला. पुढं दोघं जण बॅनर धरून, लग्नाच्या वरातीसारखे. बॅनरवर लिहिलेलं, 'पांगा, नाहीतर गोळीबार होईल'. बिगुल वाजवायचा म्हणजे लोक बघतात. मग बॅनर उलगडायचा. तरीही नाही ऐकलं, तर साहेब एकाच जवानाचं नाव घेऊन, एकच माणूस दाखवून, कमरेखाली मारायला सांगणार. आणि नंतर रिकामी काडतुसं वेचून मोजायची. एक गोळी, एक काडतूस, एक सही.

एकदा पंजाबात एका छावणीत याची रंगीत तालीम होती. मोठे साहेब खुर्चीत बसलेले. आमचेच अर्धे जवान लुंग्या लावून दंगेखोर झालेले, आणि त्यांना ते काम फार आवडलेलं. बिगुल वाजला, बॅनर उलगडला, आणि सगळीकडं शांतता. दंगेखोरसुद्धा गप्प! कारण बॅनर आसामीत होता. पलटण तीन वर्षांपूर्वी आसामात होती, तेव्हापासून तो गुंडाळी करून कोठारात पडला होता, उघडून बघितला कुणी? मोठ्या साहेबांनी विचारलं, हे काय लिहिलंय? आमचा एक हवालदार तडफेनं म्हणाला, "साब, वही लिखा है." (हशा)

हसा, पण ही गोष्ट लक्षात ठेवा. माझं आजचं सगळं भाषण त्या बॅनरवरच आहे. जमावाशी बोलायचं म्हणतो आपण. पण कोण बोलणार, कोणत्या भाषेत बोलणार, आणि तो बोलणारा उभा कुठं राहणार?

आता काँगो. 2008 साली आमची पलटण संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत उत्तर किवू प्रांतात होती. त्या प्रांतातली ब्रिगेड आपली, भारताची, आणि तिचं ठाणं गोमा शहरात. गोमा हे किवू तलावाच्या काठावर, रवांडाच्या सीमेला चिकटून आहे. उंची दीड हजार मीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या थोडं वर. हवा तशीच गार. आणि उशाशी न्यिरागोंगो नावाचा जिवंत ज्वालामुखी. रात्री त्याच्या तोंडावर लाल उजेड दिसायचा. पहिल्या रात्री आमचे दोन जवान अंथरुणं घेऊन बाहेर झोपले. पळायला सोपं पडेल म्हणून.

17 जानेवारी 2002ला तो फुटला. लाव्हा शहराच्या मधून वाहत तलावाला जाऊन मिळाला, जाताना विमानतळाच्या धावपट्टीचं एक टोक गिळून गेला. लोक परत आले आणि त्याच लाव्ह्याचे दगड रचून त्यांनी घरं, कुंपणं बांधली. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण आपला थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झालीत. तिथला सहा वर्षांचा. धार बोथट व्हायला वेळच मिळालेला नाही. टाच घासायची वज्री असते ना, तसा भोकाभोकांचा काळा दगड. हलका असतो, त्यामुळं लांब जातो. मुंबईत दगडफेक करायची तर रुळावरची खडी आणा, पेव्हर ब्लॉक उखडा, म्हणजे थोडं नियोजन लागतं. गोम्यात नुसतं वाकायचं.

त्या शांतिसेनेचं फ्रेंच नाव आखूड करून 'मोनुक' झालं होतं. आमची गाडी दिसली की पोरं मागं धावायची, "मोनुक, बिस्कुट! मोनुक, बिस्कुट!" लाकडाच्या मोठ्या स्कूटरसारखी गाडी असते तिथं, चुकुडू म्हणतात, तिच्यावर कोळशाची पोती लादून माणूस उतारावरून येतो, तोसुद्धा हात करायचा. मोनुक हे मुलांच्या दृष्टीनं बिस्कुटांचं दुकान होतं. मोठ्यांच्या दृष्टीनं काय होतं, ते पुढं सांगतो.

आमच्या कंपनीला एक दुभाष्या मिळाला होता. एकच. हे ध्यानात घ्या, सव्वाशे रायफली आणि एक दुभाष्या. हा माणूस शाळेत फ्रेंच शिकवायचा. स्वाहिली, फ्रेंच, किन्यारवांडा आणि इंग्रजी, चार भाषा. आम्ही त्याला गुरुजी म्हणायचो. बारीक चणीचा, पांढरा शर्ट रोज कडक इस्त्रीचा. ती इस्त्री निखाऱ्यांची असायची, आपल्याकडं पूर्वी होती तशी. आमच्यात राहून 'चहा', 'चला' आणि आणखी एक शब्द शिकला होता, तो इथं सांगत नाही, पहिल्या रांगेत आजी बसल्यात.

गुरुजी आमच्याबरोबर गस्तीला यायचा. आमच्या डोक्यावर निळं हेल्मेट, अंगात जाकीट. त्याच्या डोक्यावर काय? काही नाही. मी म्हटलं, याला हेल्मेट मिळालं पाहिजे. एका कचेरीत अर्ज केला. कुठली कचेरी ते विचारू नका, जगात सगळीकडं तिच्या शाखा आहेत. उत्तर आलं की हेल्मेट तुकडीतल्या सैनिकांसाठी असतं, सदर व्यक्ती सैनिक नाही. मी लिहिलं, सदर व्यक्ती सैनिक नाही पण सदर व्यक्तीला डोकं आहे. (हशा) हे मी हिंदीत लिहिलं होतं, आमच्या साहेबांनी इंग्रजीत सौम्य केलं. तीन आठवड्यांनी उत्तर, दुभाष्याच्या कामाचं स्वरूप तपशीलवार कळवा. कळवलं. मग एक प्रश्नावली आली. त्यातला चौथा प्रश्न मला अजून पाठ आहे: सदर व्यक्तीस कर्तव्य बजावताना डोक्याला इजा होण्याची शक्यता असलेल्या ठिकाणी जावे लागते काय? आता गोम्यात डोक्याला इजा होण्याची शक्यता नसलेलं ठिकाण म्हणजे तलावाचा तळ. मी 'होय' लिहिलं. त्यावर उत्तर, मग अशा ठिकाणी त्यांना का नेता, याचा खुलासा करावा.

चार महिने हे चाललं. शेवटी आमच्या कोठाराच्या हवालदारानं बाजारातून मोटरसायकल टॅक्सीवाल्याचं जुनं हेल्मेट आणलं आणि पाण्याच्या टाकीसाठी आणलेला निळा रंग त्याला फासला. रंग नीट बसला नाही, ओघळ आले. गुरुजींनी ते घातलं तेव्हा उलट्या टोपात डोकं घातल्यासारखं दिसत होतं. साहेबांनी पाहिलं आणि म्हणाले, "मी हे पाहिलेलं नाही." फौजेत याला मंजुरी म्हणतात.

चिटणीस घड्याळ दाखवतायत. येतो, मुद्द्यावर येतो.

27 ऑक्टोबर 2008, सोमवार. दिवाळी तोंडावर. लंगरात बेसन भाजायला घेतलं होतं, त्याचा वास गेटपर्यंत येत होता. आदल्या दिवशी रुमांगाबोचा लष्करी तळ न्कुंडा नावाच्या बंडखोर सेनापतीच्या माणसांनी घेतला होता. उत्तरेकडच्या रुत्शुरू गावाच्या रस्त्यानं माणसांची रांग गोम्याकडं लागलेली, डोक्यावर गाद्या, पाठीशी पोरं, हातात कोंबड्या. आणि गोम्यातल्या लोकांचा राग कुणावर? मोनुकवर. रणगाड्यासारख्या गाड्या तुमच्याकडं, हेलिकॉप्टरं तुमच्याकडं, मग हे पुढं येतातच कसे? त्यांना काय सांगायचं, की सतरा हजारांचं दल आणि देश भारताच्या दोन-तृतीयांशाहून मोठा? ज्याचं घर मागं राहिलंय तो भागाकार करत बसत नाही.

सकाळी जमाव गेटवर आला. किती होते, असं मला नेहमी विचारतात. दंगलीत आकडा मोजणारा माणूस दंगलीत नव्हता असं समजा. आम्ही वीस जण, ढाली घेऊन. आणि मी काय करत होतो माहितीये? मान वळवून मागं बघत होतो. दंडाधिकारी शोधत होतो! तेवीस वर्षांची सवय. तिथं ना दंडाधिकारी, ना बिगुल, ना बॅनर. खिशात एक कार्ड होतं, बळ कधी, किती वापरायचं त्याचं. शेजारी बाविशीचा एक शिपाई, त्याची ढाल थरथरत होती. ढालीच्या कडेवर दगड बसला की टण्ण आवाज यायचा आणि तो डोळे मिटायचा.

जमावाच्या रांगा असतात, मंडळी. लांबून तो एक गोळा दिसतो. जवळून पाहिलात तर पहिल्या रांगेत बोलणारे असतात, त्यांचं काहीतरी गेलेलं असतं. त्यांच्या मागं फेकणारी पोरं. त्यांच्या मागं बघे, ते सगळ्यात जास्त. दगड कधी पहिल्या रांगेतून येत नाही, आणि पुढं उभं असल्यामुळं मार मात्र पहिली रांगच खाते, पुढून आमचा आणि मागून त्यांच्याच पोरांच्या आखूड पडलेल्या दगडांचा.

माझ्या समोर एक बाई होती. पन्नाशीची. पिवळं-हिरवं कितेंगे, म्हणजे तिकडचं छापील कापड, गुंडाळलेलं, हातात प्लास्टिकची चप्पल. ती चप्पल माझ्या ढालीवर आपटत होती आणि बोलत होती. गुरुजी कुठं? त्याच्या जिवाला धोका म्हणून आम्हीच त्याला मागं, पोत्यांच्या आडोशाला बसवला होता. म्हणजे ज्याला बोलता येतं तो मागं, आणि ज्यांना बोलता येत नाही ते वीस जण पुढं.

स्वाहिलीत 'पोले पोले' म्हणजे हळू हळू, सबुरीनं. आणि 'मामा' म्हणजे आई. थोरल्या बाईला मामाच म्हणतात. आपल्याकडं मुंबईत पोलिसाला मामा म्हणतात, तेव्हा हा शब्द आमच्या जवानांना भलताच आवडायचा. तर मला म्हणायचं होतं, "पोले पोले, मामा." तेवढ्यात ढालीवर काहीतरी आदळलं आणि माझ्या तोंडून निघालं फक्त, "पोले, मामा."

ती थांबली. चप्पल वर तशीच.

मला वाटलं, हळू म्हटल्यावर थांबली. गुरुजींनी नंतर सांगितलं: 'पोले' दोनदा म्हटलं तर हळू, एकदा म्हटलं तर वेगळंच. मयताला गेल्यावर म्हणतात ते. वाईट झालं हो, असं. मी चुकून त्या बाईचं सांत्वन केलं होतं.

तिनं मला विचारलं, "पोले या नीनी?" मागनं गुरुजी ओरडला, "ती विचारतेय, वाईट कशाचं वाटतंय तुला?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. मी नुसता बघत राहिलो. आणि मग गुरुजी, कुणी हुकूम न देता, त्या ओघळलेल्या निळ्या हेल्मेटात, आमच्या दोन ढालींच्या मधून वाट काढून पुढं आला आणि तिच्याशी बोलायला लागला. बोलायला म्हणजे भांडायला. तिचा नवरा आणि दोन पोरं रस्त्यावर होती, रुत्शुरूच्या बाजूला. मोनुकचे ट्रक रिकामे खाली येताना तिनं पाहिले होते. ते का भरून आणले नाहीत? हेलिकॉप्टर काय फोटो काढायला आहे? गुरुजी तिला काहीतरी सांगायचा, ती त्याला झापायची, शेजारच्या दोन बाया तिच्या बाजूनं बोलायच्या. वीसेक मिनिटं हे चाललं, आणि तेवढा वेळ आमच्या तुकडीसमोरची पहिली रांग वाद घालत उभी राहिली. फेकणाऱ्या पोरांना समोर स्वतःच्याच आया दिसत होत्या, त्यांचे हात ढिले पडले.

सगळ्यांचे नाही. एक दगड गुरुजीच्या हेल्मेटवर बसला, टाकीचा रंग पापुद्र्यासारखा उडाला. दुसरा माझ्या जबड्यावर. हे खालचे दोन दात दादरच्या डॉक्टरांचे आहेत. डाव्या बाजूच्या कुंपणावर आमचं कुणीच बोलणारं नव्हतं, तिथं पेटत्या बाटल्या आल्या. दुपारनंतर गर्दी आपोआप विरळ झाली. लोकांना पाणी भरायचं होतं, पोरं सांभाळायची होती. आम्ही जमाव पांगवला असं कुणी म्हटलं तर मी तिथल्या तिथं नाही म्हणेन. ती बाई दुसऱ्या दिवशी दिसली नाही. तिची माणसं पोचली का, मला माहीत नाही.

एक गंभीर गोष्ट सांगतो. 2022च्या जुलैत त्याच प्रांतात, बुटेम्बो शहरात, आपल्या सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान अशाच उद्रेकात मारले गेले. मी इथं दोन दातांवर विनोद करतोय. ते दोघं घरी आले नाहीत.

(चिठ्ठी येते.) 'पाच मिनिटे. झुंबा आले.' बरं. धडे घ्या पटापट.

आपल्याच मातीतला दाखला आहे. जनरल एस. पी. पी. थोरात, आपले कोल्हापूरकडचे. 1953 साली कोरियातलं युद्ध थांबलं, तेव्हा मायदेशी परत जायला तयार नसलेले बावीस हजारांवर युद्धकैदी सांभाळायला भारतानं फौज पाठवली, तिचे प्रमुख थोरात. कैद्यांनी आपल्या एका मेजरला आत ओढून ओलीस ठेवलं. थोरात मोजकी माणसं घेऊन, हत्याराविना, त्या आवारात गेले आणि बोलून मेजरला सोडवून आणलं. पुढं त्याच छावणीत गोळीबारही करावा लागला, कैदी मेले. तेही सांगायला हवं. पण आधी बोलणारा माणूस आत गेला, तो क्रम बघा. आपण कवायत शिकवताना गोळीबाराचा क्रम शिकवतो, बोलण्याचा नाही.

मुंबईचं म्हणाल तर 1992-93ला इथं फौज उतरली होती, तुमच्यातल्या कित्येकांनी फ्लॅग मार्च पाहिला असेल. आमची पलटण तेव्हा लांब होती. पाहिलेले लोक सांगतात, गाड्या गेल्या की गल्ली पुन्हा पेटायची. गाडी बोलत नाही ना! कोळीवाड्यातली मराठी वेगळी, गोवंडीतली हिंदी वेगळी, कांदिवलीच्या चाळीतली भोजपुरी वेगळी. प्रत्येक पोलीस ठाण्यात त्या त्या गल्लीची बोली बोलणारी दोन माणसं ठरलेली असावीत, एक बाई असावी, आणि ती ढालींच्या पुढं उभी राहतील असा सराव व्हावा. मोहल्ल्यांत पुढं समित्या झाल्या, त्यातल्या चांगल्या चालल्या त्या याच कारणानं.

आणि गर्दीला मागं वाट ठेवा. पांगा म्हणायचं आणि दोन्ही तोंडं बंद करायची, मग माणूस पांगणार कुठं, वर? एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलाचा जिना आठवा, 29 सप्टेंबर 2017. 23 माणसं गेली. ती दंगल नव्हती, पावसात आडोशाला थांबलेली आपली रोजची गर्दी होती. तेव्हा असंही सांगितलं गेलं की कुणीतरी 'फूल गिर गया' म्हणालं आणि लोकांनी 'पूल गिर गया' ऐकलं. खरं किती, देव जाणे. जिना अरुंद होता, एवढं मात्र नक्की. पण त्या वेळी तिथं मोठ्या आवाजात, लोकांना कळेल असं बोलणारं कुणी...

हो, हो, संपवतो. लाईट कशाला बंद करताय? तिसऱ्या रांगेतून विचारतायत, हेल्मेटच्या अर्जाचं काय झालं. मंजूर झाला. आम्ही परत निघालो त्या आठवड्यात कागद आला: दुभाष्यासाठी हेल्मेट, निळे, संख्या एक. माप लार्ज. गुरुजींचं डोकं मीडियम.